ममी : देह टिकविण्याची आणि देह देण्याची गोष्ट

(वाशीम येथे वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षावासाच्या या व्याख्यानमालेत आजवर अनेक विद्वान वक्ते बोलून गेले. मी विद्वान नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि पोटासाठी बँकेत कारकुनी करतो. वाचनाची थोडी आवड आहे, एवढ्याच भांडवलावर उभा आहे. माझा विषय फलकावर पाहून आपल्यापैकी एकदोघांनी मला विचारले की, साहेब, वर्षावासात हे मुडद्यांचे काय काढले? त्यांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी कारण सांगतो.

कारणे दोन आहेत. पहिले असे की, आपल्या अभ्यासिकेतील एका विद्यार्थ्याने मला मोबाईलवर एक चित्रफीत दाखविली. हिमाचल प्रदेशातील स्पिती भागात ग्यू नावाचे गाव आहे. तेथे एका बौद्ध भिक्खूचा देह पाचशे वर्षांपासून बसलेल्या स्थितीत आहे, त्याचे केस आणि नखे अजून वाढतात, असे त्या चित्रफितीत सांगितले होते. त्या मुलाने मला विचारले, "सर, हे खरे आहे का? मग आपल्याही धम्मात चमत्कार आहेत का?" मी त्याला तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही. आजचे भाषण हे त्याला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

दुसरे कारण बडोद्याचे आहे. आम्ही काही मित्र संकल्पभूमीला वंदन करायला बडोद्याला गेलो होतो. बाबासाहेब १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले तेव्हा त्यांना शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तेथून बाहेर काढले. रात्रीच्या गाडीची वाट पाहत ते कामाठी बागेत बसले. आज तिला सयाजी बाग म्हणतात. २३ सप्टेंबरला तेथे संकल्प दिन पाळतात, हे आपणांस माहीत आहेच. वंदन झाल्यावर गाडीला वेळ होता, म्हणून त्याच बागेतील संग्रहालयात गेलो. तेथे काचेच्या पेटीत इजिप्तची ममी आहे. १८९५ साली सयाजीराव महाराजांनी ती संग्रहालयासाठी विकत घेतली.

मित्रांनो, मी त्या पेटीसमोर बराच वेळ उभा राहिलो. सयाजीराव महाराजांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या घरातून गादीवर गेलेल्या या राजाने १९१३ साली भीमरावांना अमेरिकेत शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. दोष त्यांचा नाही. तरी मनात आले, ज्या बागेत हजारो कोसांवरून आणलेल्या एका मृत देहाला पक्के छप्पर आणि पहारेकरी मिळाला, त्याच बागेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला जिवंत माणूस उघड्यावर बसला होता. मेलेल्या देहाची जात कोणी विचारली नाही. जिवंत देहाची विचारली. तेव्हापासून मी ममीविषयी मिळेल ते वाचू लागलो. त्यातले जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम देह टिकतो कसा, ते पाहू. यात गूढ काही नाही. माणूस मेला की त्याच्या शरीरातील रसच त्याच्या पेशी विरघळवू लागतात आणि पोटातील जंतू सर्वत्र पसरतात. या दोन्ही कामांना पाणी आणि ऊब लागते. पाणी काढून घ्या, किंवा ऊब काढून घ्या, किंवा हवा बंद करा, कुजणे थांबते. आपल्या आया-बहिणी उन्हाळ्यात सांडगे, कुरडया घालतात ते वाळवण काय आहे? लोणच्यात मीठ कशाला घालतात? आपल्या आज्या मांसाच्या चान्या करून दोरीवर वाळत घालीत, कारण रोज ताजे मिळण्याची ऐपत नव्हती. त्या चान्या वर्षभर टिकत. ज्या नियमाने चानी टिकली त्याच नियमाने इजिप्तचा राजा टिकला.

आता तो ग्यूचा भिक्खू. संघ तेनझिन या नावाने त्याला ओळखतात. १९७५ च्या जानेवारीत किन्नौर-स्पितीत मोठा भूकंप झाला, त्यात त्याची समाधी उघडी पडली. पुढे देह बाहेर काढून गावातील लहानशा मंदिरात काचेआड ठेवण्यात आला. शास्त्रज्ञांनी तपासणी करून त्याचा काळ इसवी सनाचे पंधरावे शतक ठरविला. तो भाग समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून उंच, पाऊस जवळजवळ नाही, थंडी कडक आणि हवा कोरडी. अशा ठिकाणी देह वाळून जातो, कुजत नाही. केस आणि नखे मुळीच वाढत नाहीत. कातडी वाळून मागे सरकते, त्यामुळे आतला केस आणि नख उघडे पडते आणि पाहणाऱ्याला वाटते की वाढ झाली. ज्या मुलाने मला विचारले तो आज येथे बसला आहे. बाळा, चमत्कार नाही, हवामान आहे.

जगातील इतर देहही हेच सांगतात. १९ सप्टेंबर १९९१ रोजी ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवरील आल्प्स पर्वतात फिरायला गेलेल्या जोडप्याला बर्फातून वर आलेला एक देह दिसला. आधी वाटले, एखादा गिर्यारोहक अलीकडेच मेला असेल. तपासणीत तो सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा निघाला. त्याला ओत्झी म्हणतात. त्याच्या अंगावर गोंदण्याच्या ६१ खुणा आहेत. २००१ साली क्ष-किरणांत त्याच्या खांद्यात दगडी बाणाचे टोक दिसले, म्हणजे त्याला मागून मारले होते. पाच हजार वर्षांनी खून उघडकीस आला. आज तो इटलीतील बोल्झानो येथे उणे सहा अंश तापमानात ठेवला आहे.

डेन्मार्कमध्ये १९५० साली जळणासाठी दलदलीतील माती खणताना मजुरांना एक देह सापडला. चेहरा इतका ताजा की त्यांनी पोलिसांना बोलाविले. तो टोलुंडचा माणूस सुमारे २,४०० वर्षांपूर्वीचा होता आणि त्याच्या गळ्यात फासाचा चामडी दोर होता. दलदलीतील आम्लाने आणि हवेच्या अभावाने त्याचे कातडे कमावल्यासारखे झाले. कातडे कमावणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला सांगण्याची गरज नाही. चीनमध्ये चांग्शा येथे १९७२ साली दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका सरदाराच्या पत्नीची कबर उघडली. कोळसा आणि पांढऱ्या चिकणमातीच्या थरांनी ती इतकी हवाबंद केली होती की कातडी मऊ राहिली होती. मरणापूर्वी तिने खाल्लेल्या खरबुजाच्या १३८ बिया पोटात सापडल्या.

आता इजिप्तकडे वळू. ममी हा शब्द मूळ फार्सी-अरबी, मुमिया म्हणजे डांबर. काळे पडलेले देह पाहून लोकांना वाटले की डांबर लावले असावे. पुढे युरोपात हे देह कुटून त्यांची पूड औषध म्हणून विकली गेली. ज्यांनी अमर होण्यासाठी देह टिकविला त्यांचे चूर्ण दुसऱ्यांनी पोटदुखीवर खाल्ले.

इजिप्तची रीत अशी होती. नाकातून मेंदू काढीत. डाव्या कुशीत चीर देऊन आतडी, जठर, यकृत, फुप्फुसे काढीत. हृदय मात्र आत ठेवीत, कारण परलोकात न्यायाच्या वेळी ते तागडीत तोलले जाते अशी समजूत. मग नेट्रॉन नावाच्या खारात देह चाळीस दिवस पुरून ठेवीत. तो खार पाणी शोषून घेई. नंतर तेल, राळ लावून तागाच्या पट्ट्या गुंडाळीत. सारे मिळून सत्तर दिवस. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने लिहून ठेवले आहे की याचे तीन दर होते. श्रीमंताचा वेगळा, मध्यमाचा वेगळा आणि गरिबाचा वेगळा. मरणानंतरही वर्ग सुटला नाही.

आणखी एक गोष्ट डायोडोरस या दुसऱ्या ग्रीक लेखकाने नोंदविली आहे. ती वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. देहाच्या कुशीत पहिली चीर देणारा एक ठराविक माणूस असे. त्याने चीर दिली की जमलेले लोक त्याला शिव्या देत, दगड मारीत आणि तो जीव घेऊन पळे. मसाला भरणाऱ्यांना मान होता, कापणाऱ्याला दगड. त्याच्यावाचून राजाची ममी होत नव्हती, तरी तो विटाळाचा धनी. मेलेली ढोरे ज्यांनी ओढली, आणि ज्यांच्या ओढण्यावाचून गाव स्वच्छ राहत नव्हते, त्यांच्या लेकरांना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

पण इतिहासाने एक सूडही उगविला आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेबेलीन येथील एका तरुणाचा देह आहे. तो सुमारे ५,४०० वर्षांपूर्वीचा, म्हणजे पिरॅमिडांच्या कितीतरी आधीचा. त्याला ना खार लावला, ना तेल, ना पट्ट्या. वाळवंटातील उथळ खड्ड्यात पाय दुमडून ठेवला आणि तापलेल्या वाळूने त्याला वाळविले. २०१२ साली केलेल्या तपासणीत त्याच्या पाठीत भोसकल्याची खूण दिसली. गरिबाच्या खड्ड्याने जे फुकट केले तेच करण्यासाठी पुढे राजांना सत्तर दिवस आणि खजिना लागला. कारण राजाला दगडी खोलीत ठेवू लागले आणि तेथे वाळूचा स्पर्श राहिला नाही!

सगळ्यात जुन्या कृत्रिम ममी तर इजिप्तच्या नाहीतच. दक्षिण अमेरिकेत चिली देशाच्या उत्तर किनाऱ्यावर, अरिका परिसरात, चिंचोरो लोकांनी सुमारे सात हजार वर्षांपूर्वी देह टिकविण्यास सुरुवात केली. हे लोक मासेमारी करणारे. त्यांचा ना राजा, ना राजवाडा. त्यांनी म्हाताऱ्यांचे देह टिकविले, तान्ह्या मुलांचे टिकविले, जन्माला न आलेल्या गर्भांचेही टिकविले. तेथील पाण्यात विषारी सोमल आहे, त्यामुळे मुले पोटातच जात असावीत आणि त्या दुःखातून ही रीत निघाली असावी, असा एक तर्क संशोधकांनी मांडला आहे. २०२१ साली युनेस्कोने त्या स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. राजाने देह टिकविला तो सत्तेसाठी. या कोळ्यांनी टिकविला तो मायेपोटी. दोन्हींत फरक करावा असे मला वाटते.

मी कारकून असल्यामुळे एका कारकुनाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. इजिप्तचा राजा तिसरा रामसेस याची ममी आहे. २०१२ साली तिच्या सी.टी. स्कॅनमध्ये दिसले की त्याचा गळा खोलवर चिरलेला होता, म्हणजे राजवाड्यातील कटात तो मारला गेला. ३ एप्रिल २०२१ रोजी कैरोत २२ राजा-राण्यांच्या ममींची सजविलेल्या गाड्यांतून मिरवणूक काढून त्यांना नव्या संग्रहालयात नेले, त्यात हाही होता. या राजाच्या कारकिर्दीच्या एकोणतिसाव्या वर्षी राजांची थडगी खोदणाऱ्या कामगारांना धान्याचा शिधा वेळेवर मिळाला नाही. त्यांनी हत्यारे खाली ठेवली आणि देवळाच्या मागे जाऊन बसले. इतिहासात नोंद झालेला हा पहिला संप मानतात. नोंद कोणी केली? अमेननाख्त नावाच्या लेखनिकाने. तो पपायरसचा कागद आज इटलीत तुरीन येथे आहे. राजाचा देह टिकला, पण त्या देहाला भूक माहीत नव्हती. कामगारांचे देह माती झाले, आणि त्यांची भूक मात्र एका कारकुनाच्या नोंदीत तीन हजारांहून अधिक वर्षे टिकली. माझ्या धंद्याचा मला अभिमान वाटावा असे प्रसंग कमी येतात, हा त्यांतला एक.

आता आपल्या जवळच्या देहांकडे येऊ. हैदराबादच्या पब्लिक गार्डनमधील राज्य संग्रहालयात एक ममी आहे. ती निजाम मीर उस्मान अली खान यांच्याकडून १९३० च्या सुमारास संग्रहालयाला मिळाली. आमच्या शाळेची सहल मीटरगेजच्या गाडीने हैदराबादला गेली होती तेव्हा मी ती प्रथम पाहिली आणि रात्री झोपलो नाही. आपल्या शेजारी गोव्यात जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह आहे. ते ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील शांगच्वान बेटावर वारले. देह चुना घालून पुरला होता. काही महिन्यांनी उकरला तेव्हा तो कुजला नव्हता. मग मलाक्का आणि तेथून १५५४ साली गोवा असा त्याचा प्रवास झाला. चुन्याने देह लवकर नष्ट होतो असा लोकांचा समज आहे. प्रत्यक्ष प्रयोगांत मात्र चुना कुजण्याची क्रिया मंद करतो असे आढळले आहे. १६१४ साली त्यांचा उजवा हात कापून रोमला नेण्यात आला. आज देह वाळून आक्रसला आहे. साधारण दर दहा वर्षांनी तो दर्शनासाठी खाली आणतात. अलीकडे २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात आणला होता आणि लाखो लोक गेले. कोणाच्या श्रद्धेचा अवमान मला करायचा नाही. कोळ्यांच्या वस्त्यांत राहून काम केलेल्या माणसाविषयीचा तो आदर आहे. मी फक्त एवढेच दाखवितो की, टिकलेला देहसुद्धा पूर्ण टिकत नाही.

आणि आपल्या धम्माचे काय? जपानच्या यामागाता भागात शिंगोन पंथातील काही साधूंनी वर्षानुवर्षे धान्य सोडून, झाडाच्या साली आणि मुळे खाऊन देह वाळविला आणि बसल्या स्थितीत प्राण सोडला. त्यांचे देह तेथील विहारांत आजही आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानी सरकारने या प्रथेवर बंदी घातली. त्या साधूंच्या निश्चयाबद्दल आदर ठेवूनही मी म्हणेन की, हा तथागतांचा मार्ग नाही. सहा वर्षे देह सुकवून पाहिल्यावर सिद्धार्थाने ते निष्फळ म्हणून सोडले, सुजाताची खीर घेतली आणि मध्यम मार्ग सांगितला. भिक्खूंना त्यांनी स्मशानात टाकलेल्या प्रेताकडे पाहायला सांगितले ते यासाठी की, माझाही देह याच नियमाचा आहे हे कळावे. आजारी वक्कली भगवंताचे रूप पाहण्यासाठी तळमळत होता, तेव्हा या नाशवंत देहाला पाहून काय मिळणार, धम्म पाहा, अशा आशयाचा उपदेश त्याला मिळाला. महापरिनिर्वाणानंतर कुशिनारा येथे त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला आणि अस्थींचे आठ वाटे झाले. ज्यांच्यासाठी राजे लढायला उभे राहिले होते त्यांचा देह कोणी मसाला भरून ठेवला नाही.

आपल्या महाराष्ट्रातीलच उदाहरण पाहा. वसईजवळ नालासोपारा येथे बुरूड राजाचा कोट नावाची टेकडी होती. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ती खणली तेव्हा स्तूप निघाला. त्यात दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडक, त्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे. तथागतांच्या भिक्षापात्राचे म्हणून ते जपले होते. इजिप्तने सोन्याच्या पेटीत राजाचा देह ठेवला. आपल्या पूर्वजांनी सोन्याच्या पेटीत मातीचे खापर ठेवले, ज्यात कोणाही घरची भाकरी पडली होती. मला तरी यापेक्षा मोठी शिकवण दुसरी दिसत नाही.

विसाव्या शतकात देह टिकविण्याची हौस पुन्हा आली. १९२४ साली लेनिनचा देह मॉस्कोत ठेवला. व्हिएतनामच्या हो ची मिन्ह यांनी आपले दहन करावे असे लिहून ठेविले होते, तरी १९६९ नंतर त्यांचा देह हनोईत काचेत ठेवण्यात आला. बाबासाहेबांचे परिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले आणि ७ तारखेला दादर चौपाटीवर लाखोंच्या साक्षीने अग्निसंस्कार झाला. आपल्याजवळ त्यांचा देह नाही. आहेत ते त्यांचे शब्द. तेही आपोआप टिकले नाहीत. त्यांची हस्तलिखिते वर्षानुवर्षे पेट्यांत पडून होती. वसंत मून यांच्यासारख्या माणसांनी ती वाचून, जुळवून काढली तेव्हा १९७९ पासून शासनाचे खंड निघू लागले. टिकवायचेच असेल तर कागद टिकवा. आपल्या घरात आजोबांची दीक्षेच्या वेळची काही चिठ्ठी, वही, फोटो असेल तर तो ओलाव्यापासून आणि वाळवीपासून जपा.

मित्रांनो, येथे मी थांबलो असतो तर भाषण बरे झाले असते. पण मनातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही.

माझे वडील शाळेत शिपाई होते. सातवी शिकलेले. निवृत्तीनंतर त्यांनी देहदानाचा फॉर्म भरला. मला म्हणाले, "मी शाळेत शिपाई होतो, वर्गाच्या बाहेर उभा राहिलो. मेल्यावर एकदा वर्गाच्या आत जाऊ दे." फॉर्मवर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. ते पहाटे गेले. देह काही तासांच्या आत पोचवावा लागतो. अकोल्याचे वैद्यकीय महाविद्यालय दोन तासांच्या रस्त्यावर. मी फोन हातात घेतला. तेवढ्यात माझी आत्या आली, तिने अंगणातच बसून मोठा आकांत केला. "काहून रे, माह्या भावाले चिरायले देतं का तू?" भाऊबंद जमले. कोणी म्हणाले, लोक काय म्हणतील, मातीचा खर्च वाचविला म्हणतील. धाकटा भाऊ पुण्याहून निघाला होता, तो म्हणाला मी येईपर्यंत थांबा. मी कोणालाच नाही म्हणू शकलो नाही. फोन लावला नाही. दुपारी आम्ही त्रिशरण-पंचशील घेऊन त्यांना अग्नी दिला. पुष्कळ लोक आले होते. सगळे म्हणाले, मुलाने व्यवस्थित केले.

मी रोज काउंटरवर बसून लोकांना सांगतो, खात्याला नॉमिनेशन करा, नाहीतर मागे वारसांना त्रास होतो. नॉमिनेशन असूनही वारसच उभा राहिला नाही तर कागद काय करणार? देहदानाचेही तेच आहे. फॉर्म मेलेला माणूस घेऊन जात नाही. त्या घडीला घरच्यांची संमती आणि हिंमत लागते. माझ्या वडिलांनी इच्छा लिहून ठेवली होती आणि मी ती पाळली नाही. डायोडोरसची गोष्ट वाचून मी पुस्तक मिटले ते एवढ्यासाठीच. चीर देणाऱ्याला दगड मारणाऱ्यांत मी स्वतःला पाहिले. चिरण्याला विटाळ मानणारे मन माझ्या अंगणात होते आणि मी त्याच्यापुढे मान झुकविली.

वैद्यकीय महाविद्यालयात देहाचे काय होते, हे अनेकांना माहीत नसते म्हणून भीती असते. शिरेतून फॉर्मॅलिन भरून देह टिकवितात. एका अर्थाने ती आजची ममीच. पण ती परलोकासाठी नाही. पुढे येणाऱ्या डॉक्टरांनी हृदय कोठे, शीर कोठे, हे हाताने शिकावे म्हणून आहे. शिकून झाल्यावर उरलेल्या देहाची रीतसर विल्हेवाट लावतात. जुन्या ममींनीही शेवटी हेच काम केले. पाचव्या रामसेसच्या चेहऱ्यावर देवीच्या फोडांसारख्या खुणा आहेत. ज्याला आपल्याकडे देवीचा कोप म्हणून नवस करीत, तो रोग तीन हजार वर्षांपूर्वी राजालाही सोडत नव्हता आणि १९८० साली जगातून गेला तो नवसाने नव्हे, लसीने गेला. राजाने देह टिकविला स्वतःसाठी, उपयोगी पडला तो विद्यार्थ्यांना.

२०२४ साली आपल्या वाशीमलाच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. म्हणजे अंतराचे कारण आता राहिले नाही. तेथे शिकणाऱ्यांत उद्या आपलीही मुले असतील. म्हणून मंडळाला माझी तीन नम्र विनंत्या आहेत. पहिली, देहदान आणि नेत्रदान करू इच्छिणाऱ्यांची एक वही मंडळात ठेवावी. दुसरी, फॉर्म भरताना घरातील सर्व मुले-मुली, सुना, भाऊ-बहिणी यांना समोर बसवून त्यांच्याशी बोलणे करावे. माझ्या वडिलांनी माझ्याशी बोलणे केले, आत्याशी केले नाही. तिचा दोष नाही, तिला कोणी समजावलेच नव्हते. तिसरी, ज्या घरी असा प्रसंग येईल तेथे मंडळाच्या दोन कार्यकर्त्यांनी तासाभरात पोचावे आणि घरच्या माणसाजवळ उभे राहावे. त्या पहाटे माझ्याजवळ कोणी एकजण असता तर बाबा वर्गात गेले असते.

त्या वहीत पहिले नाव मी माझे लिहून देतो. पत्नी आणि मुलगी दोघी आज सभागृहात आहेत. त्यांच्याशी बोलणे झाले आहे. आत्यालाही मी आज मुद्दाम घेऊन आलो आहे. ती पुढच्या रांगेत बसली आहे. तिने अजून हो म्हटलेले नाही, पण ऐकायला आली, हेही थोडे नाही.



नमो बुद्धाय! जय भीम!